मदत हवी आहे: कुत्रा आईच्या वॉकरला घाबरतो, आईचं चालणं बंद पडत चाललंय (इंदूर)

राजेंद्रनगरवाली
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तरं द्या प्लीज. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, शुक्रवारी घरी आणलं. फिजिओने बजावून सांगितलंय की दर दोन तासांनी वॉकर धरून हॉल ते गॅलरी फेऱ्या झाल्याच पाहिजेत. आणि आमचा जिरू वॉकर हलला की असा काही भुंकतो की आई जागच्या जागी थांबते. काल मागे सरकताना तिचा तोल गेला, मी धरलं म्हणून निभावलं. आता ती "राहू दे, नंतर चालते" म्हणून फेऱ्या टाळून राहिली आहे. सगळं करून झालं, काही फरक नाही. उद्यापासून करता येईल असं काहीतरी सांगा. आणि जिरूला कुठे नेऊन ठेवा असं कृपा करून कोणी सांगू नका, आईच तयार होणार नाही.

सुदामानगर_कॉर्नर
दोन्ही गुडघे एकदम केले? कुठे केलं आणि एकूण किती खर्च आला? माझ्या सासूबाईंचं करायचंय, पण एकेक करा असं सगळे म्हणतात.

तीन_शेपट्या
ताई, आधी थोडी माहिती द्या म्हणजे बोलता येईल. कुत्र्याचं वय काय? देशी आहे की ब्रीड? घरात कधीपासून आहे? वॉकर नुसता उभा असतो तेव्हा काय करतो? आई पलंगावर असते तेव्हा तिच्याजवळ जातो का? आणि "सगळं करून झालं" म्हणजे नक्की काय काय केलं?

रिटायर्ड_ओव्हरसियर
कुत्र्याला घरात मालक कोण ते कळलं पाहिजे. ८६ साली आमच्याकडे अल्सेशियन होता, तो मिक्सरवर भुंकायचा. पेपरची गुंडाळी करून एकदा टाकली पाठीवर, परत आवाज नाही. तुम्ही लाड करता म्हणून तो डोक्यावर बसलाय. पट्टा घाला, वॉकरजवळ नेऊन बसवा, अर्धा तास हलू देऊ नका. आपोआप कळेल की ही वस्तू काही करत नाही.

ग्वाल्हेरची_लेक
काका, हे करू नका हो. आमच्या शेजारच्यांनी कूलरच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं, बांधून ठेवला समोर. तो गप्प झाला, सगळे म्हणाले शिकला. पण तोंडातून लाळ गळत होती आणि अंग थरथरत होतं, मी स्वतः बघितलंय. आठवड्याने कूलर पुसायला गेलेल्या मुलीला चावला. त्याच्या आधी गुरगुरलासुद्धा नाही.

राजेंद्रनगरवाली
सगळ्यांची उत्तरं एकदम देते, मोबाईलवरून टाइप करून राहिली आहे, चुका सांभाळून घ्या.
देशी आहे, तीन वर्षांपूर्वी कॉलनीतूनच घरात आला, तेव्हा वर्षाचा असेल असं डॉक्टर म्हणाले होते. अंगावर तांबूस ठिपके आहेत म्हणून आई जिरावण (आपला पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) म्हणायची, त्याचं जिरू झालं. आई पलंगावर असली की खालीच झोपतो, आधीसारखाच, तिचा हात चाटतो. वॉकर उभा असेल तर लांबून वळसा घालून जातो पण भुंकत नाही. हलला की भुंकतो, मागे मागे जातो, शेपटी पायात.
करून काय झालं तर, दादाने कॉलर धरून वॉकरजवळ नेलं वास घ्यायला, वॉकरच्या दांडीवर बिस्कीट ठेवलं, मान लांब करून बिस्कीट उचललं आणि पळाला. गुरगुरला तेव्हा मी जोरात रागावले. मग शेव दिली, शेव त्याला भयंकर आवडते, पण वॉकर चालू असताना शेवेकडेही बघत नाही.
खर्चाचं नंतर लिहिते, आत्ता डोकं ठिकाणावर नाही.

तीन_शेपट्या
बरं झालं लिहिलंत, यातच बरंच काही आहे.
एक, तो आईला घाबरत नाही. दोन, वस्तू नुसती दिसली तर सहन करतो, हलली आणि वाजली की नाही. म्हणजे खरी भीती हालचालीची आणि आवाजाची आहे. तीन, आवडीचं खाणंसुद्धा घेत नाही म्हणजे तेव्हा तो इतका घाबरलेला असतो की शिकण्याच्या अवस्थेतच नसतो. त्या वेळी तुम्ही काहीही केलंत तरी फुकट जाणार.
अजून एक विचारते. वॉकर घरात आला त्या दिवशी काही झालं होतं का? आणि शेव देऊ नका, नंतर सांगते का ते.

पोहेजिलेबी
इंदूरच्या कुत्र्याला शेव देऊ नका म्हणजे अन्यायच की. आमच्या गल्लीतले सगळे सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी उभे असतात, शेव खाऊन धडधाकट आहेत.

तीन_शेपट्या
धडधाकट दिसतात हो. पण शेवेत मीठ भरपूर आणि कितीतरी शेवेत लसूण असतो. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एका वेळेला काही दिसत नाही, पण शिकवताना रोज तीस-चाळीस वेळा द्यायचं असतं, तेव्हा बिनमिठाचंच हवं. चिकन उकडून, नाहीतर घरचं पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे.

बडोदेकर_काका
शाकाहारी घर असेल तर मनुका द्या, ताकद पण येते. बडोद्याला आमच्या वाड्यात एक पामेरियन होती, ती रोज मनुका खायची.

ग्वाल्हेरची_लेक
मनुका अजिबात नको!! द्राक्षं, बेदाणे, मनुका, यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी कळत नाही. काका, तुमच्या पामेरियनचं नशीब चांगलं.

राजेंद्रनगरवाली
अंडं चालेल का? आमच्याकडे चिकन होत नाही.
आणि हो, वॉकर आला त्या दिवशी, म्हणजे आईच्या दोन दिवस आधी दादाने आणला होता. दारात घडी उघडताना हातातून सुटला आणि फरशीवर आपटला. जिरू तिथेच पायपुसण्यावर झोपला होता. पण त्याला लागलं नाही, म्हणून मी लिहिलं नव्हतं.

तीन_शेपट्या
ताई, तेच तर मुख्य कारण! लागायची गरजच नाही. झोपेतून दचकून उठला आणि पहिल्यांदाच पाहिलेली धातूची वस्तू कानाशी धाडकन आदळली. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीच्याही पुढे, त्यामुळे फरशीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी बोचरा लागत असणार. अंडं उकडून चालेल, थोडंथोडं.

रिटायर्ड_ओव्हरसियर
एवढा शास्त्रार्थ कशाला. कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याचं ऐकतात, लांडग्यांपासून हेच चालत आलंय. माणूस म्होरक्या झाला नाही तर कुत्रा होतो.

ग्वाल्हेरची_लेक
काका, रागावू नका पण ते जुनं झालं. १९४७ साली शेंकेल नावाच्या माणसाने पिंजऱ्यातले, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे बघून ते मांडलं होतं. पुढे डेव्हिड मेकने मोकळ्या रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले. आधी तोही तेच मानायचा, पण १९९९ साली त्यानेच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. आणि इथे म्होरक्याचा प्रश्नच कुठे येतो? जिरूला काही घरावर राज्य करायचं नाहीये, तो घाबरलाय.

रिटायर्ड_ओव्हरसियर
माझा अनुभव आहे, पुस्तकातलं नाही सांगत.

तीन_शेपट्या
असू द्या काका, तो वाद बाजूला ठेवू, आईंच्या फेऱ्या महत्त्वाच्या.
ताई, आता लांब लिहिते, शांतपणे वाचा. तुमच्याकडे दोन वेगवेगळी कामं आहेत आणि ती तुम्ही एकत्र करून राहिला आहात म्हणून दोन्ही बिघडतायत. आईचं चालणं थांबू शकत नाही. जिरूची भीती जाणं एका दिवसात होणार नाही. म्हणून आई चालते तेव्हा जिरू त्या जागी नसलाच पाहिजे. फेरीच्या पाच मिनिटं आधी त्याला आतल्या खोलीत न्या, चाटायला काहीतरी द्या, थाळीत दही पसरून द्या, दार लावा, पंखा चालू ठेवा. फेऱ्या झाल्या की दार उघडा. हे उद्या सकाळपासून करा. शिक्षा म्हणून कोंडायचं नाही, खाऊची खोली वाटली पाहिजे. आई त्यामुळे बिनधास्त चालेल, आणि जिरूची भीती रोज सहा वेळा ताजी होणार नाही.
दुसरं काम वेगळं, आईशिवाय, दुपारी. वॉकर हॉलच्या कोपऱ्यात उभा करा. जिरूला पट्टा नको, दार उघडं, त्याला वाटेल तेव्हा निघून जाता आलं पाहिजे. तुम्ही इतक्या लांब बसा की तो वॉकरकडे बघतो पण खातोही. त्याने वॉकरकडे बघितलं की तुकडा. परत बघितलं की परत तुकडा. तुकडा तुमच्याजवळ टाका, वॉकरजवळ नाही. दादाने दांडीवर बिस्कीट ठेवलं ना, त्यात कुत्रा लालचीने पुढे जातो, खाऊन झालं की अचानक कळतं अरे आपण कुठे आलो, आणि दुप्पट घाबरतो. तीन ते पाच मिनिटं, बस. मग वॉकर आत न्या आणि खाऊ बंद.
क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी वॉकर दिसणार, मग खाणं येणार. पावलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग केले त्यातही हेच, घंटा आधी आणि अन्न नंतर, नाहीतर घंटेला काही अर्थ राहत नाही. गंमत म्हणजे तो पचनावर काम करत होता, १९०४ चं नोबेलही त्याला पचनासाठीच मिळालं, कुत्र्यांच्या लाळेतून हे मागाहून सापडत गेलं.
दोन-तीन दिवस हे मजेत झालं की दादाने वॉकर वीतभर सरकवायचा, न उचलता. सरकला, तुकडा. मग उचलून ठेवायचा, टक्, तुकडा. मग दोन पावलं. आई सगळ्यात शेवटी. कुठेही खाणं नाकारलं, ओठ चाटायला लागला, जांभया द्यायला लागला, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला की समजायचं तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे.
आणि गुरगुरण्यावर रागावू नका. "मला त्रास होतोय, लांब राहा" हे सांगायचा त्याचा तोच मार्ग आहे. तो बंद केलात तर पुढच्या वेळी सरळ दात लागतील. ग्वाल्हेरच्या ताईंनी वर लिहिलंच आहे.

सुदामानगर_कॉर्नर
पण घाबरलेल्याला कुरवाळलं तर भीती वाढते म्हणतात ना? आमचे डॉक्टर म्हणाले होते लक्षच देऊ नका.

तीन_शेपट्या
भीती ही भावना आहे, बक्षीस दिल्याने भावना वाढत नाही. तो जवळ आला, अंग टेकवलं, तर खुशाल हात फिरवा. फक्त धरून ठेवू नका.

बडोदेकर_काका
वॉकरच्या चारी पायांना टेनिसचे बॉल कापून लावा, आवाजच येणार नाही. आमच्या हिने लावले होते. किंवा दांड्यांना आईची जुनी साडी गुंडाळा, वासाने कुत्रा शांत होईल.

ग्वाल्हेरची_लेक
काका, साडीचं टोक पायात आलं तर काकू पडतील. आणि बिनचाकी वॉकरला बॉल लावले की गुळगुळीत फरशीवर तो सरकू शकतो, रबर पकडतं तसं बॉल नाही पकडत. फिजिओला विचारल्याशिवाय असलं काही करू नका.

रिटायर्ड_ओव्हरसियर
बॉल-बिल सोडा. मला एक सांगा, आवाज कसा येतो? टक् टक् येतो की खडखड येतो? रबरी टोप्या धड असतील तर पायांचा आवाज फार नसतो. खडखड असेल तर ती सांध्याची आहे. उंची सेट करायला नळीत भोकं असतात, त्यात स्प्रिंगचं बटण बसतं. चारी पायांचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का ते बोटाने दाबून बघा. एक जरी अर्धवट असेल तर पाय डगडगतो, आणि एक दिवस आईसकट खाली बसेल. हे आत्ता उठून बघा.

राजेंद्रनगरवाली
काका!! मागचा डावा पाय. बटण अर्धंच बाहेर होतं. वॉकर पडला होता तेव्हाच आत गेलं असणार, आमच्या कोणाच्या लक्षात नाही आलं. आई चार दिवस त्यावर भार टाकून चालत होती, माझे हातपाय गार पडले. दादाने नीट बसवलं, चारी पाय तपासले, आता खडखड जवळजवळ बंद आहे. तुमचे खूप खूप आभार.

रिटायर्ड_ओव्हरसियर
आभार कसले. दर रविवारी तपासत जा. रबरी टोपी झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं की बदला, ती मेडिकल स्टोअरला मिळते.

पोहेजिलेबी
झोपेची गोळी अर्धी का देत नाही कुत्र्याला? माझ्या मित्राने दिवाळीत स्वतःची दिली होती, फटाके संपेपर्यंत झोपला बिचारा.

तीन_शेपट्या
माणसाची गोळी मनाने देऊ नका. काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण आतली भीती तशीच असते, कुत्रा फक्त हलू शकत नाही. औषध लागलंच तर जनावरांच्या डॉक्टरने वजन बघून, तपासून द्यायचं. आणि तपासणीचा मुद्दा निघालाच आहे तर, कान दुखत असेल, कंबर दुखत असेल तरी कुत्री आवाजाला जास्त दचकतात. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर महूच्या व्हेटरनरी कॉलेजला एकदा दाखवा. १९५५ पासूनचं कॉलेज आहे, माझ्या थोरल्या कुत्र्याला मी तिथेच नेते, सकाळी लवकर जायचं.
ताई, जिरूच्या कानाला कट आहे का? कॉलनीतून आला म्हणालात म्हणून.

राजेंद्रनगरवाली
हो, डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, आमच्याकडे यायच्या आधीचं.

पोहेजिलेबी
म्हणजे नसबंदीच्या गाडीने धरून नेलेला. दांडा आणि जाळी बघितलेला कुत्रा आहे, म्हणूनच दांड्यांना घाबरतो. मारलं असणार त्याला.

तीन_शेपट्या
मारलंच असेल असं लगेच म्हणू नका. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांचं होईतो जे बघतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. रस्त्यावरच्या पिल्लाने गाड्या, गायी, माणसं पाहिली, वॉकर आणि व्हॅक्युम क्लीनर नाही पाहिला. नुसतं न पाहिल्यानेसुद्धा इतकी भीती बसते. कट यासाठी विचारला की धरपकडीतून गेला असेल तर कॉलर धरून ओढणं त्याला जास्तच लागेल. दादाला सांगा, कॉलरला हात नाही.

राजेंद्रनगरवाली
दादाला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, पण रात्री बराच वेळ जिरूजवळ खाली बसून होता.

राजेंद्रनगरवाली
सहा दिवस झाले, अपडेट देते. फेऱ्यांच्या वेळी जिरू आतल्या खोलीत, थाळीत दही. पहिल्या दिवशी दार खरवडलं, दुसऱ्या दिवसापासून आईने "चला, फेरी" म्हटलं की तो स्वतःच खोलीकडे निघतो. आई परवापासून सगळ्या फेऱ्या करते आहे, काल गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घातलं. दुपारचं पनीर पण चालू आहे. उभ्या वॉकरपासून तीन फरशा अंतरावर बसून खातो, मग वॉकरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, म्हणजे आता दे. दादाने वीतभर सरकवला तर खाल्लं.
पण काल संध्याकाळी सगळं बिघडलं. वॉकर हललासुद्धा नव्हता, नुसता उभा होता, तरी भुंकत सुटला आणि सोफ्याखाली गेला. म्हणजे सगळं पाण्यात गेलं का?

ग्वाल्हेरची_लेक
काल काय होतं तुमच्याकडे? पाहुणे? आवाज?

राजेंद्रनगरवाली
समोरच्या धर्मशाळेत लग्न होतं, सहापासून डीजे आणि ढोल, खिडक्या हादरत होत्या. आणि सकाळी कचरागाडीचा भोंगा नेमका आमच्याच दारात अडकून बसला होता पंधरा मिनिटं. पण या दोन्हीची त्याला सवय आहे.

तीन_शेपट्या
सवय आहे म्हणजे सहन करतो, ताण येतच नाही असं नाही. सकाळचा भोंगा, संध्याकाळचे ढोल, त्यावर वॉकर, असं एकावर एक साचत जातं आणि तिसऱ्या गोष्टीवर फुटतं. पाण्यात काही गेलं नाही. आज काहीच शिकवू नका, खेळू द्या, झोपू द्या. उद्या दुपारी चार फरशांवरून सुरू करा. लग्नसराई आहे तोवर संध्याकाळी वॉकर त्याच्या नजरेआड ठेवा.

सुदामानगर_कॉर्नर
खर्चाचं राहिलंच ताई.

राजेंद्रनगरवाली
तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय सविस्तर. एकदम दोन्ही की एकेक ते डॉक्टर शुगर आणि हार्ट बघूनच ठरवतात, आम्हालाही आधी सगळ्या तपासण्या सांगितल्या होत्या.

राजेंद्रनगरवाली
आज सतरावा दिवस. चार दिवसांपासून दादा वॉकर घेऊन हॉलभर चालतो, जिरू मधे बसून बघतो. काल पहिल्यांदा आई स्वतः चालली आणि दार उघडं ठेवलं, मी दाराशी पनीर घेऊन. तो उंबऱ्यावर बसून राहिला. भुंकला नाही. आई गॅलरीपर्यंत गेली, वळली, आणि परत येताना तिनेच त्याला हाक मारली. आला नाही, पण शेपटी हलवली. आईला रडू आलं, म्हणाली इतके दिवस मला वाटत होतं हा मलाच भितो.
फिजिओ खूश आहे, पुढच्या आठवड्यात वॉकर सोडून काठी देऊन बघू म्हणाला.

तीन_शेपट्या
फार बरं वाटलं वाचून. पण काठी आत्ताच आणा, आजच! पुढच्या आठवड्यात आई हातात घेईल तेव्हा ती जिरूने पहिल्यांदा बघता कामा नये. कोपऱ्यात आडवी टाकून ठेवा, त्याला स्वतःहून वास घेऊ द्या. उभी करू नका, पडली तर पुन्हा तेच होईल.

रिटायर्ड_ओव्हरसियर
आणि नवी विकत घेऊ नका. आमच्याकडे चार पायांची काठी पडून आहे, हिच्या वेळची. चार पायांची आहे म्हणून उभी केली तरी पडत नाही, रबरं मी मागच्याच वर्षी बदललीत. मी रामबागेत राहतो, निरोपात पत्ता टाकतो, दादाला संध्याकाळी पाठवा.

राजेंद्रनगरवाली
काका, दादा लगेच निघतोय. बटणं तपासूनच आणायला सांगितलंय त्याला.